भांडी वाजली, नुकसान निरंक

नोकरीच्या शेवटच्या आठ वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "भाऊसाहेब, भांडी वाजली." जेवताना, दाढी करताना, मोटारसायकलवर आणि एकदा तर नगरला चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत उभं राहून गीत म्हणत असताना. खिशात फोन थरथरला आणि बायकोने गीतांच्या पुस्तकावरून असं काही पाहिलं की त्यापुढे भूकंप परवडला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन फोन घेतला.

"भाऊसाहेब, भांडी वाजली."

"कुणाची?"

"समद्यांची!"

मी तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि जिल्ह्यालाही अहिल्यानगर म्हणतात, पण भांडी पूर्वीसारखीच वाजतात. माझा सजा, म्हणजे माझ्या ताब्यातली तीन गावं, जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला होता. बाजाराला खर्डा जवळ. गावातली निम्मी माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, ती उन्हं तापली की परतायची. तेवढे महिने गावात म्हातारी माणसं, शेळ्या आणि मी. आणि जमिनीला खोड्या काढायची हुक्की यायची ती नेमकी याच महिन्यांत.

तिकडे 'भूकंप झाला' असं कुणी म्हणत नाही. भूकंप म्हणजे किल्लारीचा. त्याचं नाव काढलं तरी जुनी माणसं गप्प होतात. बाकी जे होतं ते भांडी वाजणं. हे मला नवीन असताना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "तात्याच्या घरात लई भांडी वाजली, भाऊसाहेब, तुमी या." मला वाटलं, नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालंय. मी पोलीस पाटलांना फोन करून म्हटलं, जरा जाऊन मिटवा. पाटील बिचारे गेले. तात्या आणि त्याची बायको दोघंही भेदरून अंगणात बसली होती. "आमचं काय बी न्हाई वो," असं ती सांगत राहिली, पण पाटलांनी त्यांची तासभर समजूत काढली आणि दोघांना एका ताटात जेवायला बसवूनच ते परतले. पुढे कितीतरी दिवस तात्या मला रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा.

हे धक्के असतात तरी केवढे? आधी लांब कुठेतरी टिपरमधून दगड ओतल्यासारखा आवाज येतो. मग पत्रे गुणगुणतात, मांडणीवरची भांडी किणकिणतात, कुत्री भुंकतात. बसलेला माणूस उठून उभा राहीपर्यंत सगळं संपलेलं असतं. जमिनीचं काम तिथे संपतं आणि तलाठ्याचं सुरू होतं.

पहिलं काम वेळ नोंदवायचं. तीन गावांत विचारलं की तीन वेळा कळायच्या. एक म्हणायचा दहाला, दुसरा म्हणायचा शेळ्या सोडायच्या वेळेला, तिसरा म्हणायचा सिरीयल लागायच्या जरा आधी. शेवटी मी स्वतःलाच सवय लावून घेतली. कुठेही धप्प आवाज झाला की आधी घड्याळ बघायचं आणि खिशातल्या डायरीत आकडा टिपायचा. विहिरीचा सुरुंग असो, कडब्याची गाडी कलंडो, माझा हात आधी डायरीकडे जायचा. बायको म्हणायची, मी पडले तरी तुम्ही आधी वेळ लिहाल. ही थट्टा मला पुढे फार लागली, ते येईलच.

दुसरं काम अहवालाचं. पाच वाजायच्या आत वर कळवायचं: सौम्य धक्का जाणवला, जीवितहानी निरंक, पशुहानी निरंक, घरांचे नुकसान निरंक. निरंक म्हणजे काही नाही, शून्य. सरकारी कागदावर रकाना मोकळा सोडायचा नसतो आणि 'काही नाही' असं घरगुती बोलायचं नसतं, म्हणून हा शब्द. दिसायला गोंडस, वापरायला सोपा, आणि पाठवल्यावर कुणी उलटा प्रश्न विचारत नाही हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

हा गुण मला एका पत्र्याने शिकवला. सुरुवातीला मी इमानदारीत लिहिलं होतं, 'एका गोठ्याचा एक पत्रा सरकला.' झालं! पत्र्याची लांबी किती, खिळे किती, गोठा नक्की कुणाच्या नावावर, मालकाचा जबाब घेतला का, फोटो कुठे आहे? मालकाने पत्रा तेव्हाच जागेवर ढकलून वर धोंडा ठेवला होता. मी त्याला म्हटलं, "पत्रा पुन्हा सरकवा, फोटो काढायचाय." तो शिडीवर चढला, पत्रा सरकवला, मी फोटो काढला, त्याने पत्रा पुन्हा बसवला. खाली उतरून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी चांगले हाव, पर सरकार लई येडं हाय." त्या दिवसापासून निरंकचा मजकूर मी मोबाईलमध्ये तयार ठेवला. धक्का बसला की तारीख बदलायची आणि पाठवायचा.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. एकाने मला हाताला धरून नेलं आणि भिंतीची भेग दाखवली. "कालच्यानं पडली." भेगेत कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यात तीन माश्या वाळून गेल्या होत्या. मी म्हटलं, "कोळी फार चपळ दिसतोय तुमचा." एकजण गुपचूप विहिरीला सुरुंग लावायचा आणि शेजारी ओरडले की सगळ्यांच्या आधी मलाच फोन करायचा: "भाऊसाहेब, लई मोठा बसला!" एकदा धक्क्यानंतर टीव्हीचा कॅमेरेवाला आला, तोवर शाळेतली मुलं बाहेर येऊन, डोकी मोजून, परत आत जाऊन पाढे म्हणायला लागली होती. त्याने गुरुजींना सांगितलं, मुलांना पुन्हा एकदा पळत बाहेर आणा आणि जरा घाबरायला सांगा. मुलं इतकी हसत पळाली की ते चित्र त्याच्या काही कामाचं राहिलं नाही.

मग वरून एक शास्त्रज्ञ यंत्र घेऊन आले. सालस माणूस. यंत्र कुठे ठेवू म्हणाले, तर मी मोठ्या रुबाबात शाळेमागची खोली उघडून दिली, कारण तिला कुलूप होतं. पंधरा दिवसांनी ते कागद पसरून बसले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "साळवे, इथे रोज ठरावीक वेळेला थरथर होते. असं मी कुठे पाहिलं नाही." मीही वाकून पाहिलं. मग आम्हा दोघांच्या कानावर एकाच वेळी घरघर पडली. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. लाईट आली की गिरणी सुरू आणि गिरणी सुरू की भूकंप. पंधरा दिवस आम्ही गावच्या ज्वारीची नोंद घेतली होती. यंत्र नंतर देवळामागच्या धर्मशाळेत हलवलं, पण माझ्याकडे बघताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे यायचं ते शेवटपर्यंत गेलं नाही.

हे सगळं मी मित्रांना हसत सांगतो. सारजामावशीचं मात्र सांगत नाही. ते आज लिहितो.

सारजामावशी वस्तीवर एकटी राहायची. सत्तरीची, काटक, कपाळावर गोंदण. मुलगा आणि सून कोयत्यावर. दोन शेळ्या, त्यातली एक गाभण. घर जुनं, दगडमातीचं, वर मातीचं माळवद. त्या घराच्या मागच्या भिंतीला पोट आलं होतं. म्हणजे मधले दगड बाहेर फुगले होते, आणि दर धक्क्याला ते पोट बोटभर वाढत होतं. मी ते पहिल्याच वर्षी पाहिलं. तिला म्हटलं, "मावशी, इथे राहू नका. समाजमंदिरात या."

"आन् माज्या शेरड्या कुठं बांधू? समाजमंदिरात?"

"शेळ्या राहू द्या इथे."

"मंग मी बी ऱ्हाते की. मी काय शेरडीपरीस म्हाग हाय व्हय?"

मी डोकं खाजवत परत आलो आणि पाच वाजता निरंक पाठवलं. भिंत पडली नव्हती. पोट आधीपासूनचं होतं. शिवाय घर अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर, म्हणजे एका पत्र्याला झाले त्याच्या दसपट प्रश्न. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एवढंच की मला कंटाळा आला होता.

तिच्याकडे मुलाने दिलेला बटणांचा फोन होता. 'भांडी वाजली' म्हणणाऱ्यांत ती सगळ्यात नेमाची. कारण तिने घरात स्वतःचं यंत्र मांडलं होतं. खाटेशेजारी फळीवर एक तांब्या, तांब्यावर उपडं फुलपात्र, फुलपात्रावर वाटी आणि वाटीत दोन चमचे. "ह्ये वाजलं की मी भाईर," ती म्हणायची. "तुमचं मशीन काय सांगतं? झाल्यावर सांगतं. माजं हुताना सांगतं." मी हसायचो. शास्त्रज्ञांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, तिचं बरोबर आहे.

एकदा तिने विचारलं, "तुमी माज्या घराचं वर काय लिवता?"

"निरंक."

"म्हंजी वो?"

"म्हणजे काही नाही."

ती म्हणाली, "काय न्हाई? भित हाय, पोट हाय, मी हाय. आन् कागदावर काय बी न्हाई?" मला राग आला. दिवसभर तीन गावं पालथी घालून आलेल्या माणसाला असं कुणी विचारावं! मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला नाही कळायचं ते," आणि गाडीला किक मारली.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला मोबाईलवर एका बाप्याचा आवाज फिरू लागला. अमेरिकेने सांगितलंय म्हणे, गुरुवारी दुपारी दोन वाजता मोठा धक्का बसणार, घरात थांबू नका. आवाज कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही. पण गुरुवारी सकाळपासून तिन्ही गावं उन्हात! कुणी टीव्ही उचलून बाहेर आणला, कुणी देव. एका आजोबांना खाटेसकट रस्त्यात ठेवलं होतं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला तंबाखू मागत होते. वरून आदेश आला: अफवा रोखा, लोकांना घरी पाठवा. बबन कोतवालाने देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला. कुणी हललं नाही. मी घरोघर फिरलो. भूकंप कधी होणार हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही, हे वाक्य मी त्या दिवशी इतक्यांदा बोललो की घसा बसला. दोन वाजून गेले, काही झालं नाही. तरी लोक म्हणाले, अमेरिकेचं घड्याळ येगळं असंल.

तीनच्या पुढे मी सारजामावशीच्या वस्तीवर पोचलो. डोकं तापलेलं, पोटात अन्न नाही. ती बाभळीखाली गोधडी टाकून बसलेली. शेजारी सगळी भांडी, तांब्याचं यंत्र आणि दोन्ही शेळ्या.

"मावशी, तुम्ही सुद्धा? चला आत."

"ऱ्हाऊ द्या की. गार लागतंय हितं."

"तुम्हाला बघून बाकीचे बसतात. उठा."

"भाऊसाहेब, भितीचं पोट..."

"पोट सहा वर्षं आहे! आज काय नवीन आहे? मी सांगतोय ना, काही होणार नाही."

हे मी बोललो. मग स्वतः तिची गोधडी उचलून आत नेऊन टाकली. भांडी दोन खेपांत नेली आणि मांडणीवर नीट लावून ठेवली, तांब्या तांब्यांत, वाट्या वाट्यांत. गाभण शेळी आत नेऊन मागच्या भिंतीजवळच्या खुंटीला बांधली. दुसरी हिसका देऊन पळाली. मावशी माझ्या मागोमाग आत आली. सरकारी माणसाचा मान ठेवायचा म्हणून आली, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी गाडीवर बसून ओढ्यापर्यंत गेलो असेन, तोच मागे धप्प झालं. मी गाडी थांबवली, घड्याळ पाहिलं आणि डायरीत लिहिलं: तीन सत्तेचाळीस. लिहून झाल्यावर मान वळवली तर वस्तीवर धुरळा उठला होता.

त्या पाच मिनिटांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. गाडी तिथेच टाकून पळालो. मागची भिंत नव्हती. माळवद खाली आलं होतं. मी ओरडत सुटलो, "मावशी! मावशी!" आणि मातीत हात घालून दगड ओढू लागलो.

"हिकडं हाय मी," मागून आवाज आला.

ती बाभळीखाली उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात फुलपात्र आणि वाटी. मी तिथेच मातीत बसलो. खरंच सांगतो, रडलो. ती माझ्यावर डाफरली.

"तुमाला माज्या तांब्याला हात लावाया कुनी सांगितल्तं? समदं येंत्र मोडून ठिवलं! आत बसून मला कळनार कसं? म्हनून त्ये जुळवाया भाईर उजेडात आले."

म्हणजे तिला मी वाचवलं नाही, अमेरिकेने नाही आणि शास्त्रज्ञांनीही नाही. मी नीटनेटकेपणाने तिचं यंत्र मोडलं, त्याचा तिला राग आला, म्हणून ती वाचली. गाभण शेळी मात्र मी बांधली होती तिथेच होती. खुंटीची गाठ मी पक्की मारली होती.

धर्मशाळेतल्या यंत्रावर त्या दिवशी एक रेघही नव्हती. भूकंप झालाच नव्हता. भिंत तिच्या तिच्या मनाने, सहा वर्षांच्या धक्क्यांचा हिशेब करून पडली होती. पण गावाला काय त्याचं! सगळी माझ्याकडे बघून म्हणत होती, "बगा, अमेरिका बोलली व्हती." त्यांना गप्प करायला मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी पंचनाम्याला बसलो. दोन पंच, बबन कोतवाल आणि समोर मावशी. 'हानीचे कारण' असा रकाना. वरून फोन आला, आज धक्क्याची नोंद नाही, मग कारण भूकंप लिहू नका, 'इतर' लिहा. मी 'इतर' लिहिलं.

"काय लिवलं? वाचून दावा," मावशी म्हणाली.

मी वाचलं. ती पदराने फुलपात्र पुसत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी सही करून उठलो असतो. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. लिहिलं: भिंत लागोपाठच्या सौम्य धक्क्यांनी खिळखिळी झाली होती. भिंतीला पोट आल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने वेळोवेळी पाहिले होते. तरीही प्रत्येक अहवालात नुकसान निरंक असे कळवले. आज निम्नस्वाक्षरीकाराच्या सांगण्यावरून घरमालकीण घरात गेली होती. शेळी निम्नस्वाक्षरीकाराने बांधली होती.

निम्नस्वाक्षरीकार म्हणजे मीच. सरकारी भाषेत कबुली देतानाही 'मी' म्हणायची सोय नाही. पंचांनी वाचलं आणि एकमेकांकडे पाहिलं. बबन हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, ह्ये लिवायला पायजेच का?" मी सही केली.

पुढे खुलासे झाले, चौकशी झाली, निवृत्तीच्या महिन्यापर्यंत फाईल माझ्या मागे फिरली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ज्या सहा वर्षांत मी काहीच लिहिलं नाही, त्या सहा वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मावशीला पत्र्याची खोली मिळाली, त्याला दोन उन्हाळे गेले. शेळी काही परत आली नाही.

निरोपाच्या दिवशी गावाने शाल-नारळ दिला. मावशीने फुलपात्र दिलं. तेच, एका कडेला चेमटलेलं. "घ्या. तांब्या तुमच्या घरी आसंलच. पडलं की भाईर पळायचं. कुनाला इचारत बसायचं न्हाई."

आता मी नगरला, नागापूरच्या बाजूला राहतो. एमआयडीसीचे ट्रक दिवसभर घर हलवतात. फुलपात्र फ्रिजवर तांब्यावर उपडं ठेवलेलं असतं आणि बायकोने फ्रिजचं दार जोरात लावलं की पडतं. मी दर वेळी जिन्यापर्यंत जाऊन येतो. ती म्हणते, एक तर फ्रिज ठेवा, नाही तर हे.

मागच्या महिन्यात माझ्या जागेवर आलेल्या अधिकाऱ्याचा फोन आला. "साळवे साहेब, इकडे जरा भांडी वाजलीत. तुमच्याकडे निरंकचा तयार मजकूर होता म्हणे, तेवढा पाठवता का? पाचच्या आत द्यायचाय."

"सारजामावशीच्या वस्तीवर जाऊन आलास?"

"उद्या जाईन की."

"आधी जा. मग मजकूर मागायची गरज पडणार नाही." मी फोन ठेवला. पण जीव राहीना, म्हणून मावशीलाच लावला. पाच-सहा रिंगनंतर उचलला.

"मावशी, साळवे बोलतोय. भांडी वाजली म्हणे?"

"वाजली."

"तुम्ही बाहेर आहात ना? खोलीला काही झालं नाही ना? नवीन साहेब येऊन गेले का?"

"भाऊसाहेब, तुमी कशाला जीव काढताय? तुमी रिटायर झालाव. आता तुमीबी निरंकच की."

आणि शेळ्या पाण्यावर न्यायच्यात म्हणून तिने फोन ठेवला.